तेरा सेंटिमीटर सावली

फेब्रुवारी २०२३

राज्य सरकारने २०२२ सालचा महाराष्ट्र भूषण पुरस्कार रेवदंड्याचे आप्पासाहेब धर्माधिकारी यांना जाहीर केला. वडील नानासाहेब धर्माधिकारी यांना हाच पुरस्कार २००८ साठी मिळाला होता. नानासाहेबांनी १९४३ मध्ये सुरू केलेल्या श्री बैठकीत दासबोधाचं निरूपण होतं. ते ऐकायला येणारे ते श्री सदस्य. गावोगावी, शहरातल्या चाळींत, कामगार वस्त्यांत त्यांची संख्या लाखांत आहे. त्यांना सोहळा पाहायचा असेल तर तो सभागृहात होणं शक्य नव्हतं. मोकळं मैदान लागणार हे पहिल्या दिवसापासून ठरलेलंच होतं.

फेब्रुवारीच्या मध्यावर नवी मुंबईत भर दुपारी सूर्य साधारण ५८ अंशांपर्यंत चढतो. मांडी घालून बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून सुमारे ८० सेंटिमीटरवर असतं. त्या दिवसांत त्याची दुपारची सावली अर्धा मीटर भरते. ऊन सोसवतं. मैदानाचा विचार जेव्हा सुरू होतो तेव्हा ऊन असं असतं, आणि एप्रिलमधलं ऊन कागदावर दिसत नाही.

२४ मार्च, शुक्रवार, संध्याकाळ

गेटवे ऑफ इंडियासमोर आशा भोसले यांना २०२१ चा महाराष्ट्र भूषण पुरस्कार देण्यात आला. पुरस्कार तोच, सरकार तेच, महिना उन्हाळ्याचाच. वेळ संध्याकाळची होती.

आप्पासाहेबांच्या खारघरच्या सोहळ्याला अजून २३ दिवस होते.

एप्रिलचा पहिला पंधरवडा

जागा ठरली ती खारघरचं आंतरराष्ट्रीय कॉर्पोरेट पार्क मैदान. क्षेत्र ३०६ एकर. तारीख १६ एप्रिल, रविवार. प्रमुख पाहुणे केंद्रीय गृहमंत्री अमित शाह. त्याच दिवशी गोव्यात फोंड्याजवळ फर्मागुढीला त्यांची जाहीर सभा होती. खारघरला वेळ दुपारच्या आधीची मिळाली.

मैदानावर व्यासपीठ उभं राहिलं. व्यासपीठावर छत होतं. लांबच्या लोकांना दिसावं म्हणून मोठे पडदे लागले, ऐकू यावं म्हणून ध्वनिक्षेपक लागले. पाणी, रुग्णवाहिका, डॉक्टर, स्वयंसेवक यांची तजवीज झाली. समोर बसणाऱ्या लाखोंच्या डोक्यावर काहीही घातलं गेलं नाही.

इथे थोडं थांबून हिशेब मांडायला हवा. नंतर बरेच जण म्हणाले, एवढ्या मोठ्या गर्दीवर मांडव घालतं का कोणी? दाटीने बसलेल्या एका माणसाला अर्धा चौरस मीटर जागा लागते. दहा लाख माणसं धरली तर पाच लाख चौरस मीटर. म्हणजे सव्वाशे एकरांच्या आतबाहेर. आकडा मोठा आहे हे खरं. पण सगळं मैदान एकसंध झाकायचं नसतंच. मांडवाचं काम करणारा माणूस असं करणारही नाही, कारण एवढं सलग कापड वाऱ्यात शिडासारखं फुगतं आणि खांब उपटून नेतं. तो पट्टे टाकतो. खांबांची रांग, तिच्यावर तारेचा ताण, तारेवर नेट किंवा कापड, मग मोकळी फट, मग पुढची रांग. फटीतून गरम हवा वर निघून जाते आणि वारा अडत नाही. शेडनेटची ५० टक्क्यांची जाळी निम्मं ऊन अडवते, ७५ टक्क्यांची पाऊण. जर्मन हँगरचे ॲल्युमिनियमचे मांडव तर मधे एकही खांब न लावता वीस-तीस मीटर रुंदी झाकतात. राजकीय सभांना, लग्नांना, प्रदर्शनांना ते महाराष्ट्रभर उभे राहतात. ज्यांना अख्खं मैदान झाकणं परवडत नाही ते वयस्करांसाठी, लेकुरवाळ्यांसाठी एखादा कोपरा तरी झाकतात.

आमच्या तासगावकडे एप्रिल हा बेदाण्याचा महिना. मणेराजुरी, सावळज, कवठेमहांकाळच्या पट्ट्यात शेडच्या शेड भरलेल्या असतात. घड डिपिंगच्या द्रावणातून काढून जाळीच्या रॅकवर पसरतात. एकावर एक दहा-बारा थर, वर छप्पर, चारी बाजूंना हिरवं शेडनेट. माल पंधरवडाभर असाच सुकतो, सावलीत, वाऱ्यावर. थेट ऊन लागलं की मणी तपकिरी पडतो, हिरवा रंग जातो आणि सौद्यात दर उतरतो. म्हणून दुपारनंतर पश्चिमेच्या बाजूचं नेट खालपर्यंत सोडतात. कुठलं ऊन किती वाजता कुठल्या थरावर येतं हे शेडवरच्या बायकांना तोंडपाठ असतं. बागेवरही एकरच्या एकर प्लास्टिक कागद ताणणारे बागायतदार इथे आहेत. ज्या राज्यात द्राक्षाच्या मण्याला ऊन लागू नये म्हणून एवढं केलं जातं, तिथे मांडवाचं कौशल्य कमी होतं असं कुणालाच म्हणता येणार नाही.

सूचनाही नवीन नव्हत्या. मे २०१० च्या उष्णतेच्या लाटेत एकट्या अहमदाबादेत तेराशेहून अधिक जादा मृत्यू झाले. त्यानंतर २०१३ मध्ये त्या शहराने उष्णतेचा कृती आराखडा केला आणि तो पुढे देशभर नमुना ठरला. २०१५ च्या उन्हाळ्यात आंध्र आणि तेलंगणात मिळून दोन हजारांवर माणसं गेली. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या सूचनांतली अगदी वरची सूचना आहे ती दुपारी १२ ते ३ उन्हात जाऊ नये ही. ही पत्रकं दर उन्हाळ्यात तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत येतात, भिंतीवर चिकटवली जातात.

हवामान खात्याच्या निकषात सपाट प्रदेशासाठी उष्णतेची लाट ४० अंशांपासून मोजतात. किनारपट्टीसाठी ३७ अंशांपासून, सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त असेल तर. किनाऱ्याचा आकडा कमी ठेवण्याचं कारण हवेतला दमटपणा. घाम येतो पण वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही.

१५ एप्रिल, शनिवार, रात्र

शुक्रवारी आंबेडकर जयंती होती, पाठोपाठ शनिवार-रविवार आले. लोक शनिवारपासूनच खारघरला पोहोचू लागले होते. राज्याच्या कानाकोपऱ्यातून एसटी, खासगी बस, टेम्पो, रेल्वे. तासगावहून खारघर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. इतक्या लांबून सकाळी जागेवर हजर राहायचं तर रात्रीच निघावं लागतं. बसच्या सीटवर बसून काढलेली झोप ही झोप नसते, आणि झोप न झालेलं शरीर उष्णता कमी सोसतं. वैद्यकाच्या पुस्तकात उष्माघाताचा धोका वाढवणाऱ्या गोष्टींत अपुरी झोप येते. वय येतं, रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्या येतात, रिकामं पोटही येतं.

दुसऱ्या दिवशी चैत्र वद्य एकादशी होती. वारकरी घरांत, आणि आता बऱ्याच साध्या घरांतही, त्या दिवशी उपास असतो.

१६ एप्रिल, सकाळी ६.२०

सूर्योदय. मैदानात लोक आधीच बसलेले होते. पहाटे येऊन जागा धरायची आणि मग हलायचं नाही, ही बैठकीची सवय. वेळेआधी येणं, ओळीत बसणं, मधे न उठणं, गोंगाट न करणं. या शिस्तीचं कौतुक सगळे करतात आणि ते रास्त आहे. धर्माधिकारींच्या रेवदंड्याच्या प्रतिष्ठानने याच शिस्तीच्या जोरावर राज्यभर स्वच्छता मोहिमा केल्या, झाडं लावली आणि जगवली.

त्या दिवशी या शिस्तीचा एक अर्थ असा होता की, ज्याला बरं वाटत नाही तोही शक्यतो उठणार नव्हता.

सकाळी ७.००

सूर्य क्षितिजापासून आठ अंश वर. बसलेल्या माणसाची सावली ५.४ मीटर. पूर्वेच्या माणसाची सावली पश्चिमेच्या पाच-सहा माणसांवर पडते. एवढी गर्दी असली की सकाळी ती स्वतःच स्वतःला थोडी सावली देते.

या वेळी कुणालाही मांडवाची गरज वाटत नाही.

सकाळी ८.००

सावली १.९ मीटर. एका माणसाची सावली आता शेजारच्या दोघांना पुरते.

ऊन अंगावर येऊ लागलं की शरीर आधी कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतं. आतली उष्णता बाहेर आणायला रक्त कातडीकडे वळतं, हृदयाचे ठोके वाढतात. मग घाम. बसल्या जागी, काहीही काम न करता, कडक उन्हात माणूस तासाला अर्धा-पाऊण लिटर पाणी घामावाटे गमावू शकतो, काही जण लिटरभरही. तेवढं पाणी दर तासाला प्यायला हवं. पाणी मैदानावर होतं. पण लाखोंच्या गर्दीत नळापर्यंत जायचं तर ओळ मोडायची, माणसं ओलांडायची, परत येऊन जागा शोधायची. बाया याच्या आधी आणखी एक हिशेब करतात. पाणी प्यायलं तर पुन्हा उठावं लागेल. यात्रेत, मोर्चात, लग्नाच्या वऱ्हाडात, एसटीच्या लांबच्या प्रवासात आपल्याकडच्या बाया हा हिशेब करत आल्या आहेत आणि तो दर वेळी कमी पाणी पिण्यावर येऊन थांबतो.

सकाळी ९.००

सूर्य ३७ अंशांवर. सावली एक मीटरच्या थोडी वर. आता ती शेजारच्या एकाच माणसापर्यंत जाते.

पहाटेपासून बसलेल्यांचे पावणेतीन तास उन्हात गेले आहेत. मुख्य कार्यक्रमाला अजून अडीच तास आहेत.

सकाळी १०.००

सावली ६५ सेंटिमीटर. स्वतःच्या गुडघ्यापलीकडे हातभर.

वाट पाहण्याचे हे तास नंतरच्या चर्चेत फारसे आले नाहीत. वर्तमानपत्रांनी कार्यक्रमाची वेळ छापली, विरोधकांनी कार्यक्रमाच्या वेळेवर टीका केली, सरकारने कार्यक्रमाच्या वेळेबद्दल उत्तर दिलं. शरीर मात्र कार्यक्रम कधी सुरू झाला हे मोजत नाही. ते ऊन लागल्यापासून मोजतं. व्यासपीठावरचा पाहुणा येतो तेव्हा त्याच्या घड्याळात पहिलं मिनिट असतं आणि समोरच्या माणसाच्या घड्याळात पाचवा तास. आयोजनाचा तक्ता पाहुण्याच्या घड्याळावर बेतला जातो. खारघरला हे घडलं, पण ते एकट्या खारघरचं नाही. मंत्र्याच्या सभेला सकाळी आणून बसवलेल्या शाळेच्या पोरांपासून हे आपण पाहत आलो आहोत.

सकाळी ११.००

सूर्य ६५ अंशांवर. सावली ३८ सेंटिमीटर. शेजाऱ्याची सावली आता कुणालाच मिळत नाही.

जवळच्या हवामान केंद्रावर त्या दिवशीचं कमाल तापमान ३८ अंश नोंदलं गेलं. हा आकडा पुढे सगळीकडे छापून आला. तो कसा मोजतात हे मात्र क्वचित सांगितलं जातं. जगभरच्या वेधशाळांत तापमापक पांढऱ्या रंगाच्या, झडपांच्या पेटीत ठेवतात. जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंच, हवा खेळती, आणि ऊन अजिबात आत येणार नाही अशी तजवीज. तापमान नेहमी सावलीतलंच मोजायचं असतं, कारण उन्हात ठेवलेला तापमापक हवेचं तापमान सांगत नाही, तो स्वतः किती तापला ते सांगतो.

म्हणजे ३८ अंश हे सावलीतलं तापमान. ते मोजणाऱ्या यंत्राला छत होतं.

हवेत ४५ टक्के दमटपणा असला तर सावलीतले हे ३८ अंश शरीराला ४५ च्या पुढे भासतात. उघड्यावर त्यात थेट उन्हाची भर. एप्रिलच्या दुपारी निरभ्र आकाशाखाली एका चौरस मीटरवर नऊशे-हजार वॉटच्या घरात ऊन पडतं. दाटीत वारा पोहोचत नाही. शेजारचं प्रत्येक शरीर आपली उष्णता बाहेर टाकत असतं. जमीन खालून तापत असते.

सकाळी ११.३०

सोहळा सुरू होतो. सावली २७ सेंटिमीटर.

व्यासपीठावर अमित शाह, मुख्यमंत्री एकनाथ शिंदे, उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस. समोर नजर पोहोचेल तिथपर्यंत माणसं. काहींनी डोक्यावर पदर घेतला आहे, काहींनी उपरणं, काहींनी रुमाल. रुमाल म्हणजे फूटभर कापड. शेडनेटच्या दुकानात ज्याला तुकडाही म्हणणार नाहीत एवढं.

इथून कार्यक्रम आटोपता घेता आला असता. सन्मान द्यावा, दोन शब्द बोलावेत आणि लोकांना सोडावं, असं अर्ध्या तासात उरकता येतं. असे निर्णय वर बसलेल्यांनी घ्यायचे असतात आणि वर बसलेल्यांना ऊन लागत नसतं. मला यात कुणाची दुष्ट बुद्धी दिसत नाही. छताखालून समोरचं ऊन दिसतं, अंगाला कळत नाही, एवढंच.

दुपारी १२.००

सावली १८ सेंटिमीटर. आपत्ती व्यवस्थापनाच्या पत्रकाप्रमाणे या मिनिटापासून उन्हात थांबू नये.

पुरस्काराची रक्कम २५ लाख रुपये. आप्पासाहेबांनी ती मुख्यमंत्री साहाय्यता निधीला देत असल्याचं जाहीर केलं. भाषणं चालू राहिली. त्यांत उन्हाचा उल्लेखही झाला, एवढ्या उन्हात लोक शांत बसले आहेत याचं कौतुक झालं. टाळ्या पडल्या.

उष्णतेचा त्रास चढत जातो तो असा. आधी तहान, डोकं जड, पायात गोळे. मग चक्कर, मळमळ, कातडी गार आणि चिकट. इथपर्यंत माणसाला सावलीत नेऊन आडवं केलं, कपडे सैल केले, पाणी पाजलं की तो उठून बसतो. त्याच्या पुढची पायरी उष्माघात. शरीराचं आतलं तापमान ४० च्या वर जातं, बोलणं असंबद्ध होतं, शुद्ध हरपते. आता पाणी पाजून भागत नाही. मेंदू, यकृत, मूत्रपिंडं, रक्त गोठण्याची यंत्रणा, सगळंच बिघडू लागतं. अंगावर गार पाणी ओतून, ओल्या कापडाने, वाऱ्याने, बर्फाने शरीर पहिल्या अर्ध्या तासात थंड करावं लागतं. डॉक्टर या अर्ध्या तासाला फार जपतात.

पहिली पायरी आणि शेवटची पायरी यांमध्ये जे अंतर असतं त्यात सावली हेच औषध असतं. ३०६ एकरांच्या उघड्या मैदानात माणसाला सावलीत न्यायचं म्हणजे आधी त्याला गर्दीतून बाहेर काढायचं. गर्दीत बसल्या बसल्या कलंडलेला माणूस काही वेळ डुलकी लागल्यासारखा दिसतो. रात्रभर प्रवास करून आलेल्यांत डुलकी घेणारे पुष्कळ असतात.

दुपारी १२.३८

खारघरचं माध्यान्ह. घड्याळात बारा वाजतात तेव्हा इथे सूर्य माथ्यावर नसतो, कारण आपली प्रमाणवेळ अलाहाबादजवळच्या रेखावृत्तावर बेतलेली आहे आणि खारघर त्याच्या जवळजवळ साडेनऊ अंश पश्चिमेला आहे. खरी दुपार ३८ मिनिटं उशिरा होते.

सूर्य ८१ अंशांवर. आणखी महिनाभराने मुंबईत शून्य सावलीचा दिवस असतो. त्याला फार काही उरलेलं नाही.

बसलेल्या माणसाची सावली १३ सेंटिमीटर. ती त्याच्या मांडीवरच संपते.

दुपारी १.००

सोहळा एकच्या सुमारास संपला. लाखो माणसं एकाच वेळी उठली. पाच-सहा तास मांडी घालून बसलेलं, पाणी कमी झालेलं शरीर एकदम उभं राहिलं की रक्तदाब खाली येतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. उभे राहून आता चालायचं होतं, बसगाड्यांकडे, स्थानकाकडे. दिवसाचं तापमान याच तासांत सर्वांत वर असतं. रस्ते माणसांनी भरले होते, आणि रस्ते भरलेले असले की रुग्णवाहिकाही माणसाच्याच चालीने जाते.

लोक कोसळू लागले होते. त्यांना कामोठ्याच्या एमजीएम रुग्णालयात आणि नवी मुंबईतल्या इतर रुग्णालयांत हलवण्यात आलं.

संध्याकाळ

गृहमंत्र्यांची गोव्यातली सभा झाली. मुख्यमंत्री कामोठ्याच्या रुग्णालयात गेले. मृतांच्या वारसांना प्रत्येकी पाच लाख रुपये आणि उपचाराचा सगळा खर्च सरकारचा, असं जाहीर झालं. तोवर मृतांचा आकडा एक अंकी होता.

सूर्यास्त सातच्या आधी पाच मिनिटं.

रात्र

आकडा ११ वर गेला. विरोधी पक्षांचे नेते रुग्णालयात आले. अतिदक्षता विभागात काही जण होते. गावोगावी घरच्यांचे फोन लागत नव्हते, कारण ज्यांना फोन करायचा ते अजून प्रवासात होते.

पुढचे चार दिवस

उष्माघाताने मूत्रपिंड आणि यकृत निकामी होतं ते लगेच कळत नाही, दोन-तीन दिवसांनी कळतं. आकडा वाढत गेला आणि आठवडा संपायच्या आत १४ झाला. शवविच्छेदनात बहुतेकांच्या पोटात सहा-सात तासांत काही गेलेलं नव्हतं असं आढळल्याच्या बातम्या आल्या.

चेंगराचेंगरी झाली की नाही यावर वाद झाला, चित्रफिती फिरल्या, सरकारने ते नाकारलं. कार्यक्रम दुपारी का घेतला यावर वाद झाला. अजित पवार, राज ठाकरे यांनी वेळेवरच बोट ठेवलं. मांडवाचा प्रश्नही निघाला, पण व्यासपीठावरच्यांना छत आणि लोकांना ऊन, अशा एका वाक्यात तो मांडला गेला आणि तिथेच राहिला. छप्पर हा मानपानाचा विषय समजला गेला. खरं तर पिण्याचं पाणी, रुग्णवाहिका, बाहेर पडायच्या वाटा यांची यादी ज्या कागदावर होते त्याच कागदावर सावलीचं क्षेत्र चौरस मीटरमध्ये लिहिलेलं असायला हवं. इतकी माणसं, इतके तास, सूर्य इतक्या अंशांवर, म्हणून इतकं नेट. हे गणित दहावीच्या भूमितीत सुटतं. १६ एप्रिलला खारघरला सूर्य कुठे असणार हे त्या वर्षीच काय, शंभर वर्षं आधीही काढून ठेवता आलं असतं. पंचांगवाला ते काढतो.

२० एप्रिल

महसूल विभागाचे अपर मुख्य सचिव नितीन करीर यांची एक सदस्यीय समिती नेमण्यात आली. नेमकं काय घडलं आणि पुढे अशा कार्यक्रमांत कोणती काळजी घ्यावी यावर एका महिन्यात अहवाल द्यायचा होता.

त्याच आठवड्यात मंत्री मंगलप्रभात लोढा यांनी जाहीर केलं होतं की, उन्हाचा कडाका कमी होईपर्यंत राज्यात दुपारी १२ ते ५ या वेळात उघड्यावर कार्यक्रम घेता येणार नाहीत.

खारघरचा सोहळा साडेअकराला सुरू होऊन एकच्या सुमारास संपला होता. या नव्या घड्याळाने मोजलं तर त्यातला बारानंतरचा तासभर तेवढा बंदीत येतो. सकाळी ६.२० पासून दुपारी १२ पर्यंत लोक मैदानात बसून होते ते पाच तास चाळीस मिनिटं बंदीबाहेर राहतात.